कात्सुरेनचा किल्ला

जपानच्या दक्षिणेस समुद्रात लहानमोठ्या बेटांची एक माळ पसरली आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचे नाव ओकिनावा. आज ही बेटे जपानमध्ये मोडतात. पण १४२९ पासून १८७९ पर्यंत तेथे र्‍युक्यू नावाचे निराळे राज्य होते. शुरी ही त्याची राजधानी. किल्ल्याला तेथील भाषेत 'गुसुकु' म्हणतात.

ओकिनावाच्या पूर्व किनाऱ्यावर एका टेकडीवर कात्सुरेनचा पडका किल्ला आहे. आत वाडे उरले नाहीत. चुनखडीच्या दगडांच्या वळणदार भिंती तेवढ्या उभ्या आहेत. वर चढून गेले की दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. या समुद्रानेच कात्सुरेनला श्रीमंत केले. चीनमध्ये बनलेली उंची भांडी येथे उत्खननात सापडली आहेत.

किल्ल्याचा शेवटचा सरदार आमावारी. राजा शो ताइक्यूने त्याला आपली मुलगी दिली होती. पण शुरीच्या वाटेवर नाकागुसुकुचा किल्ला होता आणि तेथे राजाचा सासरा गोसामारू राहत असे. १४५८ मध्ये आमावारीने राजाचे कान भरले, "गोसामारू बंडाची तयारी करतो आहे." राजाने विश्वास ठेवला व आमावारीलाच त्याच्यावर पाठवले. राजाच्या सैन्यावर शस्त्र उचलण्यापेक्षा गोसामारूने मरण पत्करले. मग आमावारीची नजर शुरीकडे वळली. राजकन्येला हा बेत कळला. एका विश्वासू सेवकाबरोबर ती माहेरी पळाली आणि तिने वडिलांना सावध केले. त्याच वर्षी राजाच्या सैन्याने कात्सुरेन जिंकला व आमावारी मारला गेला.

ही हकीकत दरबारी इतिहासात आहे. तो १६५० मध्ये, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी, जिंकणाऱ्यांच्या राज्यात लिहिला गेला. 'ओमोरो सोशी' या जुन्या गीतसंग्रहात मात्र आमावारीची स्तुती आढळते! तेव्हा केवळ दरबारी ग्रंथ वाचून त्याला दगाबाज ठरवणे घाईचे होईल.

२०१६ मध्ये एक नवल जाहीर झाले. उत्खननात मिळालेल्या नाण्यांत तिसऱ्या-चौथ्या शतकांतील चार रोमन नाणी होती आणि एक तुर्कस्तानच्या उस्मानी राज्याचे, १६८७ चे होते. उस्मानी नाण्यांवरील अक्षरे अरबी लिपीतील. जुने नाणे हातोहाती फिरत कधीही येऊ शकते, पण १६८७ चे नाणे त्याआधी येणार कसे? म्हणजे आमावारीनंतर सव्वादोनशे वर्षांनीही त्या ओसाड टेकडीवर कोणाची तरी ये-जा होती.