विश्लेषण : कप्पी, दोर आणि पाण्याचा कॅन... पुल-अप्सच्या सरावासाठी घरगुती उपकरण कसे तयार होते?

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना धावण्यासाठी गावाबाहेरचा रस्ता पुरतो. बीमवर मात्र अनेकांची गाडी अडते. ज्याला एकही पुल-अप येत नाही, त्याने सराव तरी कशाचा करायचा? शहरातल्या मोठ्या जिममध्ये यासाठी वजनाचा आधार देणारे यंत्र असते. तेच काम विहिरीवरची कप्पी आणि पाण्याचा कॅन करू शकतात. उपकरण नीट बांधले तर!

बीमला इतके महत्त्व का?

अग्निवीर जनरल ड्युटी पदाच्या शारीरिक चाचणीत 100 पैकी 60 गुण 1.6 किलोमीटर धावण्याला आणि 40 गुण बीमला असतात. 10 पुल-अप्सना 40, नऊला 33, आठला 27, सातला 21 आणि सहाला 16 गुण मिळतात. म्हणजे सहावर थांबणारा आणि दहा पूर्ण करणारा यांच्यात 24 गुणांचे अंतर पडते. सहाही न जमल्यास उमेदवार बाद.

अडचण नेमकी कुठे?

जोर जमत नसतील तर गुडघे टेकवून मारता येतात. पुल-अपमध्ये अशी सवलत नाही. 65 किलोच्या मुलाला पहिल्याच दिवशी 65 किलो ओढावे लागतात. मग पाय झाडून, झटके देऊन हनुवटी वर नेण्याची सवय लागते आणि भरतीत असे पुल-अप्स धरले जात नाहीत.

कप्पी मदत कशी करते?

बीमच्या थोडे वर आणि पुढे एक कप्पी, तिच्यापासून दोन-अडीच फूट बाजूला दुसरी. दोराच्या एका टोकाला रुंद पट्टा बांधायचा आणि गुडघा दुमडून त्यावर टेकवायचा. दुसऱ्या टोकाला वजन. दुसरी कप्पी एवढ्यासाठीच, की वजन अंगावर न येता बाजूला लटकावे. मुलगा वर जातो तसे वजन खाली येते. 20 किलो लटकवले की 65 किलोच्या मुलाला 45 किलोच ओढावे लागतात.

वजनासाठी पाण्याचा कॅन सर्वांत सोयीचा, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मोजायला वेगळे काही लागत नाही. कॅनची मूठ हा ताण सोसेलच असे नाही, म्हणून कॅन गोणीत घालून गोणीला दोर बांधावा. कप्पी बेअरिंगची असावी. गंजलेली कप्पी घर्षणात चार किलो खात असेल, तर 20 किलोची मदत वर जाताना 16 किलोच मिळते आणि खाली येताना 24 किलो होते. म्हणजे मेहनत हवी तिथे आराम आणि आधार हवा तिथे कमतरता.

सायकलच्या ट्यूबचे काय?

ट्यूब स्वस्त पडते आणि पाच मिनिटांत बांधून होते. पण रबर जितके ताणले जाईल तितके जोरात ओढते. त्यामुळे लटकलेल्या स्थितीत भरपूर मदत मिळते आणि हनुवटी बीमवर नेण्याच्या शेवटच्या चार बोटांत ती जवळपास संपते. ज्याचा पुल-अप तिथेच अडतो, त्याला ट्यूबचा फारसा उपयोग नाही. मदत किती मिळते हे घरच्या वजनकाट्यावर कळते. काट्यावर उभे राहून गुडघा ट्यूबमध्ये अडकवला की आकडा जितका उतरेल तितकी मदत. उन्हात पडून चिरा गेलेली ट्यूब वापरू नये. ती तुटली तर फटका थेट तोंडावर बसतो.

धोका कशात आहे?

सर्वप्रथम बीममध्ये. दाराची चौकट किंवा पत्र्याच्या शेडचा अँगल यावर लटकणे म्हणजे अपघाताला निमंत्रण. हार्डवेअरच्या दुकानात एक इंची म्हणून मिळणाऱ्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे 33 मिलिमीटर असतो आणि तो मुठीत नीट बसतो. मात्र दोन खांबांमधले अंतर दुप्पट केले तर तोच पाइप तितक्याच वजनाला आठपट वाकतो. म्हणून खांब जवळ हवेत. वापरण्याआधी बीमला दोन जणांनी मिळून लटकून पाहावे, तेही पाय जमिनीपासून वीतभरच उचलून.

दुसरा धोका पट्टा निसटण्याचा. गुडघा सुटला की कॅन सुमारे दोन फुटांवरून आदळतो आणि पट्टा उसळून वर येतो. कॅनखाली जुने टायर ठेवावे आणि लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

मदत कमी कशी करायची?

बहुतेक जण इथेच चुकतात. उपकरण बनते, सवय होते आणि कॅन महिनोन्‌महिने भरलेलाच राहतो. सलग पाच स्वच्छ पुल-अप्स जमतील इतक्या पाण्याने सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एक-दोन लिटर काढावे. आठवड्यातून तीन दिवस सराव पुरे. स्नायू लवकर तयार होतात, कोपराचे स्नायुबंध मागे राहतात. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागले तर पाणी काढणे थांबवावे.

ज्याच्याकडे कप्पीही नाही त्याने स्टुलावर चढून हनुवटी बीमवर न्यावी, पाय सोडावेत आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली यावे. त्यासाठी स्टूल तेवढे न डुगडुगणारे हवे.