शोध कोणाचा लागतो?

सन १९८२. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजितसिंग यांनी मुंबईत रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे जुळवून दहा राग ध्वनिमुद्रित केले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने एच.एम.व्ही.ने तबकडी काढली. ती चालली नाही.

त्यातले टीबी-३०३ हे यंत्र एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनविलेले. स्वरांची माळ एकदा भरली की ती फिरत राहते. स्वरावरून स्वरावर घसरण्याची सोय त्यात आहे, म्हणून ते मींडेच्या जवळ जाते. बाजारात हे यंत्र पडले, स्वस्तात विकले जाऊ लागले आणि शिकागोच्या काळ्या तरुणांच्या हाती आले. १९८७ साली फ्यूचर या गटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ने ‘अ‍ॅसिड हाऊस’ ही नृत्यसंगीताची तऱ्हा रूढ केली.

२००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला चरणजितसिंगांची तबकडी भारतात सापडली. २०१० साली त्याने ती पुन्हा काढली, तेव्हा जग थक्क झाले. शिकागोच्या पाच वर्षे आधी हे मुंबईत घडले होते! चरणजितसिंगांना उतारवयात युरोपातले मंच मिळाले. २०१५ साली ते वारले.

या कथेचा आनंद आहेच. पण आपण त्यातून काय घ्यायचे? तबकडी सापडली, कारण ती टिकाऊ होती आणि तिच्या वेष्टनावर कलावंताचे नाव छापलेले होते. त्याच दशकात भीमगीते कॅसेटवरून वस्त्यावस्त्यांत पोचत होती. मंगरूळपीरकडचा माणूस दीक्षाभूमीहून परतताना पुस्तकाबरोबर कॅसेटही आणी. ती फीत घासली, तुटली, फेकली गेली. तिचे वेष्टन तर आधीच हरवलेले.

तरीही आपल्या शाहिरांनी नावाची तजवीज केलेली होती. वामनदादा कर्डक गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफीत. निरक्षर श्रोत्यालाही कवी कोण ते कळे. कागद नसलेल्या समाजाची ही नोंदवहीच होती.

आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर मुखडा तेवढा घोळविला जातो आणि शेवटचे कडवे कापले जाते. त्याबरोबर कवीही कापला जातो. यंत्राचा यात दोष नाही. शिकागोच्या तरुणांनी यंत्रातूनच आपला आवाज उभा केला. आपला तरुणही ठेका धरून नाचतो, ते योग्यच. मात्र ज्याच्या शब्दांवर आपण नाचतो त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट साधी नाही. ज्यांची नावे शतकानुशतके कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांनीच आपल्या कवींची नावे पुसावीत काय?

म्हणून विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी घरोघरच्या कॅसेट गोळा कराव्यात. गीतकार, गायक, वादक, साल यांची वही करावी. जाणत्या म्हाताऱ्यांकडून शेवटची कडवी लिहून घ्यावीत. डीजेवाल्या पोरांनाही ती द्यावीत. आपला शोध लावायला परदेशातून कुणी संग्राहक येईल, याची वाट आपण का पाहावी?