रेषीय बीजगणिताची परीक्षा



माझी नात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत शिकते. रेषीय बीजगणिताच्या पेपरांत ती एकदां अनुत्तीर्ण झाली. आतां फेरपरीक्षा दहा दिवसांवर आली आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तिच्या विषयांत मला गति कोठून असणार? तरी एका संध्याकाळीं ती वही घेऊन माझ्यापुढें बसली व म्हणाली, “आजोबा, रीती सगळ्या पाठ आहेत, पण प्रश्न जरा फिरवून विचारला कीं हातपाय गळतात.” हें दुखणें अनेक घरांत असेल, म्हणून आज त्याविषयीं चार शब्द बोलतों.

मी तिला एक साधें उदाहरण घातलें. दोन वह्या व एक पेन्सिल मिळून ७० रुपये. एक वही व एक पेन्सिल मिळून ४० रुपये. अर्थात् वही ३० रुपयांची व पेन्सिल १० रुपयांची. उत्तर एकच. आतां दुसरें विधान बदलून ‘चार वह्या व दोन पेन्सिली मिळून १४० रुपये’ असें करूं. यांत नवें कांहींच नाहीं. पहिलेंच दुप्पट करून सांगितलें. शेवटीं शून्य बरोबर शून्य उरतें, आणि उत्तरें अगणित होतात. १४० ऐवजीं १५० म्हटलें, तर शून्य बरोबर दहा! म्हणजे उत्तर मुळींच नाहीं.

येथें मला एक जुनी गोष्ट आठवली. मुद्रणदोषामुळें दुसऱ्या प्रकारचें उदाहरण एकदां आमच्या प्रश्नपत्रिकेंत आलें होतें. एका मुलानें लिहिलें, ‘यास उत्तरें पुष्कळ आहेत.’ मीं त्यावर लाल फुली मारली. तो मुलगा बरोबर होता; चुकलों होतों मी.

समीकरणांतील केवळ सहगुणक ओळींनीं व स्तंभांनीं मांडले, कीं जी चौकट होते तिलाच मॅट्रिक्स म्हणतात. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या ‘नऊ प्रकरणें’ या चिनी ग्रंथांत अशीं समीकरणें मोजणीच्या काड्या मांडून सोडविलेलीं आहेत. मॅट्रिक्स हें नांव इंग्रज गणिती सिल्व्हेस्टर यानें १८५० सालीं दिलें, आणि त्याचा मित्र केली यानें १८५८ सालच्या निबंधांत तिच्या बेरजेचे व गुणाकाराचे नियम घालून दिले.

आपल्या दुसऱ्या उदाहरणाची चौकट पाहा: वरची ओळ २, १; खालची ४, २. तिचा निश्चयक शून्य. तिला व्यस्त मॅट्रिक्स नाहीं. तिच्या ओळी परस्परांपासून स्वतंत्र नाहींत. तिची रँक दोन नसून एक. तिचें एक आयगेन-मूल्य शून्य. पुस्तकांत हीं पांच प्रकरणें दिसतात. वस्तुतः एकाच गोष्टीचीं तीं पांच नांवें आहेत. नातीनें तीं पांच वेगवेगळीं पाठ केलीं होतीं. मीं तिला तीं एका कागदावर लिहून रेघांनीं जोडावयास सांगितलें. पेपर फिरवून विचारतात तो बहुधा या रेघांवरूनच.

आतां तयारीविषयीं. प्रत्येक व्याख्येखालीं दोन ओळींच्या चौकटीचें एक उदाहरण लिहावें, आणि जेथें ती व्याख्या लागू पडत नाहीं असेंही एक लिहावें. मॅट्रिक्सच्या गुणाकारांत क्रम बदलला तर उत्तर बदलूं शकतें, हें असेंच स्वतः करून पाहावें. सुटलेलें उदाहरण पुनःपुन्हा वाचण्यापेक्षां पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सोडवावें. घड्याळ लावून निदान दोन जुने पेपर पुरे करावे. आणि ताळा घ्यावा! २, १ व १, २ या चौकटीचीं आयगेन-मूल्यें ३ व १ आलीं. त्यांची बेरीज ४, ती मुख्य कर्णावरील २ व २ यांच्या बेरजेइतकी. गुणाकार ३, तो निश्चयकाइतका. एवढ्या ताळ्यास अर्धें मिनिट लागतें, आणि पुष्कळ गुण वांचतात.

घरांतील वडील मंडळींस एक विनंति. “किती पाठ झालें?” असें मुलांस विचारूं नका, “हें असें कां?” एवढेंच विचारा. त्यासाठीं तो विषय आपणांस येत असावा लागत नाहीं. काल माझ्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां नात मध्येंच थांबली, आपली चूक तिनें आपणच शोधली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून मांडणी केली. मीं फक्त ऐकत होतों.