उचंत खात्यातील भय

११ जानेवारी २०२० च्या सायंकाळी तारापूर औद्योगिक क्षेत्रातील कोलवडे येथे एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला. त्याआधी, नोव्हेंबर २०१८ पासून, पालघर जिल्ह्यातीलच डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. ऐन थंडीत लोक घराबाहेर झोपत.

फुटलेल्या काचा बदलता येतात. मनाला गेलेला तडा काहींच्या बाबतीत तसाच राहतो. दुकानाचे शटर जोरात आपटले तरी काळीज धडधडते, झोप मोडते, ठरावीक रस्ता टाळला जातो. अशी लक्षणे महिन्याहून अधिक टिकून नित्य व्यवहारात अडथळा आणू लागली, तर तो आघातोत्तर ताणविकार असू शकतो. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९८० मध्ये त्यास स्वतंत्र निदान म्हणून स्थान दिले.

या विकारात मेंदूतील अमिग्डाला हे भयकेंद्र अतिजागृत राहते आणि त्यास आवर घालणारा कपाळामागील भाग दुबळा पडतो. प्रसंगास स्थळकाळाची जोड देणाऱ्या हिप्पोकॅम्पसचे कार्यही बिघडते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर ती आठवण उचंत खात्यात पडून राहते. तारीख जुनी, तगादा मात्र रोजचा.

मानसोपचारात ही नोंद योग्य खात्यावर घेतली जाते. तज्ज्ञाच्या सोबतीने रुग्ण तो प्रसंग पुन्हा पुन्हा कथन करतो, टाळलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने जातो. स्मृती पुसली जात नाही. ‘ते तेव्हा घडले, आज घडत नाही’ हे मेंदू नव्याने शिकतो. सर्व अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नसले, तरी उपचारापूर्वीच्या व नंतरच्या मेंदू-प्रतिमांची तुलना करता अनेक अभ्यासांत भयकेंद्राची क्रिया मंदावलेली आणि कपाळामागील भागाची वाढलेली आढळली आहे. ‘नुसते बोलून काय होणार?’ या प्रश्नाचे हे उत्तर होय.

मागे वळून पाहण्याची रीत प्रतिक्रमणामुळे आपणांस परकी नाही. भेद इतकाच की, येथे पीडिताचा दोष नसतो. नवकाराचा जप, सामायिक मनाला आधार देतात. पण त्यांच्या बळावर उपचार लांबणीवर टाकू नयेत. मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण मिळावे, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

घरातील भेदरलेल्या माणसाला ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगणे सोपे असते. त्याला तज्ज्ञापर्यंत सोबत करणे, हीच खरी अनुकंपा.