धानाच्या दाण्यात काय लिहिलंय?

रोवणी आटोपली की आमच्या गटाच्या बैठकीत विषय धानाचाच. मागच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "शास्त्रज्ञांनी म्हणे धानाची सगळी कुंडली वाचली. मग घरची जुनी बियाणी कशाला सांभाळायची?" आम्ही त्यावर बरंच बोललो. तेच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून करू. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला माहीत आहेत. १९८३ मध्ये 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंबी दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, दरवर्षी निवडत गेले. त्यातूनच एचएमटी तांदूळ आला. ते नाव त्या काळच्या घड्याळावरून पडलं.

त्या लोंबींचं वेगळेपण दादाजींच्या नजरेला दिसलं. पण ते ज्यामुळे आलं, ते दाण्याच्या आत असतं. धानाच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. त्यांवर फक्त चार अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. एका संचात जवळपास ३९ कोटी अक्षरं! दाणा बारीक की जाड, रोप उंच की ठेंगणं, हे त्यातल्या जनुकांवर ठरतं. स्वयंपाकाच्या वहीत एकेका पदार्थाची कृती असते, तसंच समजा. ही अक्षरं ओळीनं वाचणं म्हणजे जनुकीय अनुक्रम लावणं. जपानच्या पुढाकारानं अनेक देशांनी मिळून धानाचं हे वाचन केलं आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ११ व्या गुणसूत्राचा काही भाग आपल्या दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी वाचला.

याचा शेतीला उपयोग काय? वैनगंगेचा, पर्लकोटेचा पूर आपल्याला नवा नाही. रोवलेलं धान आठवडाभर बुडालं की सडतं. पण ओडिशातल्या एका जुन्या वाणात सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरायचा गुण होता. तो गुण देणारं 'सब-१' जनुक शास्त्रज्ञांनी शोधलं आणि संकर करून 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात आणलं. 'स्वर्णा सब-१' भारतात २००९ मध्ये शेतकऱ्यांसाठी आलं. पूर्वी कोणत्या रोपात गुण उतरला हे पाहायला रोपं बुडवून वाट पाहावी लागे. आता पानाचा तुकडा तपासला की कळतं. म्हणून वाण लवकर तयार होतं.

आता ताईच्या प्रश्नाचं उत्तर. यंत्र मजकूर वाचतं, पण पूर सोसणारा तो गुण यंत्रानं घडवलेला नाही. तो शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बियाण्यात होता. ते बियाणं हरवलं असतं तर वाचायला काय उरलं असतं?

म्हणून आमच्या गटानं ठरवलंय: लुचई, चिन्नोर, घरात जे जुनं वाण असेल ते थोडं तरी पेरायचं. कापणीआधी बांधीच्या मधल्या भागातल्या चांगल्या लोंबी निवडायच्या, नीट वाळवायच्या, नावाची चिठ्ठी घालून वेगळ्या ठेवायच्या. २००१ च्या कायद्यानं आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. फक्त नोंदणी झालेलं वाण छापील नावाच्या पिशवीत विकता येत नाही.

या कापणीला विळा लावण्याआधी एकदा बांधीत फिरून या. वेगळी लोंब दिसली तर ती आधी बाजूला काढा.