गप्पी मासा हौदात ठेवा, ओढ्यात नको

पावसाळा सुरू झाला की डासांना आळा घालण्यासाठी गावोगाव गप्पी मासे वाटले जातात. रेणापूर तालुक्यात त्यांची गरज समजण्यासारखी आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईच्या भागात घरोघरी हौद, रांजण, बॅरल भरलेले असतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि गप्पी त्याच्या अळ्या फस्त करतो.

अडचण होते ती उरलेले मासे ओढ्यात किंवा तलावात सोडल्यावर. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो अंडी न घालता थेट पिल्ले देतो. मादी नराचे बीज शरीरात साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादीही नवी वसाहत उभी करू शकते. घाण, कमी प्राणवायूच्या पाण्यातही हा मासा तग धरतो.

त्याचाच नातलग गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आज त्याचे नाव आहे. ऑस्ट्रेलियात त्याने देशी माशांचे पर कुरतडले, बेडकांची पिल्ले खाल्ली. गप्पी आणि गॅम्बुसिया दोघेही फक्त डासांच्या अळ्यांवर जगत नाहीत. इतर माशांची अंडी आणि पिल्लेही खातात. चतुराच्या अळ्या आणि छोटे देशी मासे डासांच्या अळ्या फुकटात खात असतात. त्यांची संख्या घटली तर नुकसान आपलेच.

रेणा नदी मांजरेला आणि मांजरा गोदावरीला मिळते. त्यामुळे गावच्या ओढ्यात सोडलेला मासा गावापुरता राहीलच असे नाही. उन्हाळ्यात तलाव आटून डबकी उरतात, तेव्हा थोड्या पाण्यात देशी माशांना परक्यांशी झुंजावे लागते. आणि एडिस नदीत वाढत नसल्याने तिथे गप्पी सोडून डेंग्यू कमीही होत नाही.

काय करावे?

• गप्पी फक्त बंदिस्त हौदात किंवा टाकीत ठेवावेत. जादा पाणी बाहेर पडते त्या पाइपाला बारीक जाळी लावावी.

• मासे जास्त झाले तर दुसऱ्याच्या हौदासाठी द्यावेत. ओढा, विहीर, तलावात ओतू नयेत. घरच्या काचपेटीतल्या शोभेच्या माशांनाही हाच नियम.

• आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. अंड्यातून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. भांडे नुसते रिकामे करून भागत नाही; एडिसची अंडी कोरड्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आतून घासावे.

• शेततळ्यात मत्स्यबीज सोडताना जात तपासून घ्यावी. मांसाहारी थाई मांगूरच्या पालनावर देशात २००० पासून बंदी आहे.

एकदा नदीत पसरलेला मासा पुन्हा वेचून काढता येत नाही. म्हणून काळजी घ्यायची ती सोडण्याआधीच.