जोत्याखालचे पाणी

कल्याणच्या जुन्या वाड्यांपैकी जे अद्याप तग धरून आहेत, त्यांच्या दाराशी पोहोचण्यापूर्वी तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात. ही उंची केवळ डौलासाठी असावी असा पाहुण्याचा समज होतो खरा, परंतु वर्षाचा सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस जेथे चार महिन्यांत कोसळतो आणि उल्हासचा पूर व खाडीची भरती जेथे कधी कधी एकाच वेळी दाराशी येतात, तेथे जोते हा घराचा पहिला बंदोबस्त होय.

या जोत्याचे पोट भरण्याचा दस्तूर ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत साधारण एकच आहे. भिंती जोत्याच्या पातळीला आल्या की आत मुरमाचा भराव घालून, पाणी मारून, तो धुम्मसाने थराथराने ठोकायचा. त्यावर नऊ इंची सोलिंग, म्हणजे काळ्या पाषाणाचे ओबडधोबड दगड एकेक करून हाताने उभे बसवायचे, फटींत चिपा ठोकायच्या, आणि मग काँक्रीट व कोबा. कोब्याची घोटाई पाहायला मालक हौसेने उभा राहतो. सोलिंगच्या दिवशी तो बहुधा कचेरीत असतो!

वास्तविक, राखण करतात ते हेच दगड. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढणारे पाणी दगडांमधील मोठ्या पोकळ्यांपाशी थबकते.

मिनेसोटा किंवा नॉर्वेसारख्या शीत प्रदेशांत हेच केशाकर्षण अधिक क्रूर होते. पाणी गोठताना त्याचे घनफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, एवढ्यावरच पुष्कळांचे स्पष्टीकरण संपते. परंतु गोठलेल्या थराकडे खालचे पाणी सतत ओढले जाऊन बर्फाची भिंगे जाड होत जातात, आणि घर उचलतात ती मुख्यतः तीच. म्हणून मिनेसोटात पाया साडेतीन ते पाच फूट खोल नेतात. अथवा, नॉर्वे-स्वीडनच्या रीतीने, उथळ स्लॅबच्या कडेने जमिनीत उष्णतारोधक फलक आडवे पुरून जमीन गोठूच देत नाहीत. स्लॅबखाली तेथेही खडीचा थर असतो. तो आपल्या सोलिंगचा सख्खा भाऊच.

खाडीकाठच्या गाळावर उंच इमारत उभारायची तर हा दस्तूर पुरत नाही; तेथे खडकापर्यंत पाइल उतरवावे लागतात. पण बैठ्या घराला तो आजही पुरेसा आहे. तेव्हा घर बांधणाऱ्यांनी रजा काढायचीच झाली, तर ती सोलिंगच्या दिवशी काढावी.